पट्टी बंद करायची नाही

या प्रकरणात माझा भाग काय होता, हे आधीच स्पष्ट सांगते. म्हणजे पुढे कोणी मला भलते श्रेय देणार नाही आणि भलता दोषही देणार नाही. बारामतीत भिगवण रस्त्यावर, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर, अश्विनीचे वेबसाइट तयार करण्याचे कार्यालय आहे. अश्विनी ही इंदापूरच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी. मी तिला भूमिती आणि भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मी बारामतीला राहायला आले, तेव्हा तिने मला मराठी मजकूर तपासण्यासाठी बोलावले. मजकूर मी तपासलाच. पण त्याखेरीज त्या कार्यालयातल्या संगणकावरची पट्टी मी उघडायला लावली आणि नंतर ती कोणालाही बंद करू दिली नाही. माझा भाग एवढाच.

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. शाळेत जप्त केलेले भोवरे आणि गोट्या माझ्या टेबलाच्या खणात जशा साठत, तसेच हेही साठतात. आपण खण ढकलून देतो. वर्षअखेरीस उघडावा, तर तो भरलेला असतो. हा खण आज मी तुमच्यासमोर रिकामा करते आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टी एकाच कामाभोवती घडल्या. कोऱ्हाळे बुद्रुकपासून लासुर्ण्यापर्यंतच्या, पेरू-डाळिंबासारखी फळे आणि भाजीपाला पिकवणाऱ्या बायकांचा ‘पाणंद महिला उत्पादक गट’ आहे. त्या गटाची वेबसाइट अश्विनीने करायची, की पुण्याच्या एका कंपनीने, असा प्रश्न होता. काम हातचे गेले, तर अश्विनी कार्यालयाला कुलूप लावून त्याच कंपनीत नोकरी धरणार होती. तसे तिने मला सांगितले होते, आणि अश्विनी उगाच बोलणाऱ्यांतली नाही.

*

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. पानांची मांडणी करण्याचे काम सागरकडे आहे. तो लासुर्ण्याचा, घरचा ऊस असलेला, दोन मुलींचा बाप. बोली अस्सल घरची. ती मी कधी सुधारली नाही. बोली ही सुधारण्याची वस्तू नव्हे. सुधारायची असते ती वाकडी ओळ.

आणि ओळ वाकडीच होती. ‘आमच्याविषयी’ हे शीर्षक खालच्या परिच्छेदापेक्षा किंचित डावीकडे, समासाच्या बाहेर आले होते. मी तसे म्हटले. सागरने मान तिरकी करून पाहिले.

“न्हाय बाई, सरळच हाय. तुमच्या चष्म्याचा नंबर बदलला आसंल.”

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “नंबर बदलला असता, तर खालचा परिच्छेदही हलायला हवा होता.”

माझी चूक सिद्ध करण्यासाठी त्याने कुठलीशी कळ दाबली. आणि पडद्याच्या वरच्या कडेला आणि डाव्या कडेला चक्क पट्टी उमटली, अंकांसकट, बारीक खुणांसकट. डावीकडच्या पट्टीतून त्याने एक निळी उभी रेघ ओढत आणली आणि परिच्छेदाच्या कडेला उभी केली. शीर्षक त्या रेघेच्या बाहेर तीन पिक्सेल गेले होते. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सर्वांत लहान ठिपका, हे मला त्याच दिवशी कळले.

“तीन पिक्सेल,” सागर म्हणाला. “कुणाला दिसतंय ते?”

“मला.”

शीर्षक जागेवर आल्यावर मी विचारले, की इतकी चांगली पट्टी आजवर झाकून का ठेवली होती? तो म्हणाला, “जागा खाती बाई ती.”

पट्टी घरी विसरलेले विद्यार्थी मी नोकरीभर पाहिले. पट्टी जागा खाते म्हणून दप्तराबाहेर ठेवणारा हा पहिलाच!

*

पट्टीतून ओढून आणलेल्या त्या निळ्या रेघांना सॉफ्टवेअरमध्ये ‘गाइड’ म्हणतात. सागर त्यांना ‘बांध’ म्हणतो. नाव मला आवडले. परंतु नावाबरोबर त्याची वागणूकही शेतातलीच आली होती, हे मला उशिरा उमगले.

झाले असे, की दोन फोटो एकाच रेघेला दोन्ही बाजूंनी टेकून बसायला हवे होते. सागरच्या पानावर मात्र रेघेच्या अलीकडे थोडी मोकळी जागा, पलीकडेही थोडी मोकळी जागा. एका पानावर असते, तर मी घाई म्हटले असते. सगळ्याच पानांवर तसेच होते. मी कारण विचारले. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू प्रश्न विचारणाऱ्याने आयुष्यात रानच पाहिलेले नाही.

“बांधाला चिकटून कोण पेरतं, बाई?”

वास्तविक त्या सॉफ्टवेअरमध्ये एक उत्तम सोय आहे. एखादी वस्तू रेघेजवळ नेली, की ती आपोआप रेघेला जाऊन चिकटते. सागरने तीही बंद करून ठेवली होती. त्याचे म्हणणे, आपोआप चिकटले की भांडणे लागतात. मी ती सोय सुरू केली, आणि पेरणी बांधापर्यंत आणली.

त्यानंतर एके सकाळी डावीकडचा बांधच सरकलेला आढळला. फार नव्हे, जरासाच; पण समास लहान झाला होता. सागरने खुर्ची मागे ढकलली आणि थेट पंचनामा सुरू केला. काल शेवटी संगणकावर कोण बसले होते? कुठल्या फोटोला हात लावला? “हितं कुणीतरी बांध कोरलाय,” असे त्याने अश्विनीच्या तोंडावर जाहीर केले. आमच्याकडे दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध नांगराच्या एका तासाएवढा कापून आपल्या रानात घेणारे लोक असतात. त्या गुन्ह्याला हाच शब्द आहे. अश्विनीने कबूल केले, की डाळिंबाचा फोटो सरकवताना चुकून रेघच हाती लागली असावी.

मी दरम्यान मेनूतून शोधत होते. एका ओळीपुढे लहानसे कुलपाचे चित्र दिसले. ते दाबले. मग अश्विनीला म्हटले, आता तीच रेघ हलवून दाखव. रेघ जागची हलली नाही.

सागरने स्वतःही ती रेघ ओढून पाहिली.

“बाई, ह्ये बटण आज्ज्याच्या येळंला पायजे हुतं. निदान त्यो भावाच्या मयतीला तरी गेला आसता.”

*

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना आपण शिंदे म्हणू. वेबसाइटवरचे बोधचिन्ह किती मोठे हवे, असे अश्विनीने विचारले, तेव्हा त्यांनी मिलिमीटरमध्ये उत्तर दिले. पाहणीसाठी आले, ते खिशात व्हर्नियर घेऊन. सुट्या भागाची जाडी ज्या पोलादी चिमट्याने मोजतात, तो त्यांनी सरळ सागरच्या पडद्याला लावला.

माप जुळले. शिंदे प्रसन्न झाले. मग त्यांनी तेच पान स्वतःच्या मोबाइलवर उघडले आणि त्यालाही व्हर्नियर लावला. चेहरा पडला.

“हितं एक माप, तितं दुसरं. आमच्यात असा माल रिजेक्ट हुतो.”

सागर त्यांना झूम, रेझोल्यूशन असे काहीबाही समजावू लागला. ते ऐकून शिंदे अधिकच खात्रीने फसवले गेल्यासारखे दिसू लागले. तेव्हा मला मध्ये पडावे लागले.

मी म्हणाले, “शिंदेसाहेब, भिंतीवरच्या नकाशात इंदापूर आणि बारामती यांच्यामध्ये बोटभर अंतर असते. म्हणून तुम्ही लोणी देवकरहून इथे बोटावर चालत आलात का?”

मग मी सॉफ्टवेअरच्या पट्टीवर त्यांना दाखवले, की पान लहान असो वा मोठे, बोधचिन्ह पानाच्या रुंदीचा पाचवा हिस्सा व्यापते. नकाशाला जसे प्रमाण असते, तसेच पानालाही असते. मिलिमीटर बदलतील, प्रमाण बदलणार नाही, आणि बदलले, तर मला दूरध्वनी करावा.

शिंद्यांनी सागरच्या पडद्यावर मोजले, अश्विनीच्या मोजले, दोन्ही मोबाइलवर मोजले, आणि प्रत्येक वेळी भागाकार केला. अखेर व्हर्नियर खिशात घातला. जिना उतरता उतरता ते अश्विनीला म्हणाले, “ह्या बाईंना आमच्या क्वालिटीत पाठवता का? नको, ऱ्हाऊ द्या. एक पीस पास व्हायचा न्हाय.”

*

केतन हा पुण्याच्या त्या कंपनीचा माणूस. कपडे नीटनेटके, बोलणे गोड. अश्विनीला नोकरीची गळ घालायला तो अधूनमधून बारामतीला येई, आणि येताना पाणंद गटाला दाखवण्यासाठी तयार पानांचा साचा घेऊन येई. त्याच्या साच्यात सगळे आधीच ठरलेले असते. फोटो आणि नावे टाकली, की वेबसाइट तयार. त्याला ते टेम्प्लेट म्हणतात.

तो पहिल्यांदा आला, तेव्हा मी गटाच्या पानावर फळांची नावे मांडत होते. सागरने ती हाताने सुरेख रंगवली होती आणि प्रत्येक नावाचे वेगळे चित्र केले होते: द्राक्ष, पेरू, डाळिंब, सीताफळ. ही चार नावे एका ओळीत आणायची होती. मी ती एकेक करून सरकवत होते. केतन मागे उभा राहून पाहत होता. त्याला ते सहन झाले नाही.

“आजी, एवढा वेळ कशाला? सगळी सिलेक्ट करा आणि मिडल अलाइन दाबा.”

“मी बाई. आजी मी माझ्या घरी असते.”

त्याने हसून क्षमा मागितली आणि स्वतःच कळ दाबली. सॉफ्टवेअरने आज्ञा पाळली. प्रत्येक चित्राची उंची मोजली, तिचा मध्य काढला आणि ते मध्य एका रेषेत आणले. मात्र पेरूला वर मात्रा आणि सागरने खाली लांब ओढलेला उकार. सीताफळाला डोक्यावर वेलांटी. द्राक्षाच्या डोक्यावर काहीच नाही. यंत्राने मात्रा, वेलांटी, उकार असे सगळेच उंचीत धरले, आणि चारही नावे उड्या मारल्यासारखी वरखाली झाली. केतनने तळ जुळवून पाहिले. उकाराच्या टोकावर उभा राहिलेला पेरू वर उचलला गेला. वरच्या कडा जुळवल्या. द्राक्ष डोके वर काढून बसले.

मी त्याला बाजूला व्हायला सांगितले. वरच्या पट्टीतून एक आडवी निळी रेघ खाली ओढली आणि चारही नावांच्या शिरोरेषा तिच्याखाली अडकवल्या. इंग्रजी अक्षर ओळीवर बसते. आपले अक्षर ओळीला लटकते. दुरेघी वहीत लिहिणारे पहिलीतले मूलही हे जाणते. मात्रा वर जावोत, उकार खाली जावोत. ओळ सरळ दिसते.

केतन म्हणाला, “पण मॅडम, सॉफ्टवेअर चुकत नाही.”

“नाहीच चुकत. त्याला आपली लिपी कोणी शिकवली नव्हती. तुम्हाला शिकवली होती.”

जाताना त्याने अश्विनीला जिन्यात थांबवून सांगितले, की पुण्याला तिची आणि सागरची जागा पक्की आहे. फक्त हे पट्टीचे खूळ तिथे चालणार नाही, आणि बाईंची तिथे काही गरज भासणार नाही. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. माझी गरज कोणाला आहे, हे मी आयुष्यात कधी कोणाला विचारलेले नाही. तेव्हा त्यानेही ते न सांगता चालले असते.

अश्विनी वर आली आणि खुर्चीवर बसली. मी तिला फक्त द्राक्षाखालचे अंतर पुन्हा मोजायला सांगितले. तिने मोजले.

*

पाणंद गटाच्या अध्यक्षा कुसुमताई. कोऱ्हाळ्याच्या, शेती स्वतः पाहतात. पहिल्यांदा काम बघायला आल्या, तेव्हा पडद्यावर सगळ्या निळ्या रेघा उभ्या-आडव्या पसरलेल्या होत्या. कुसुमताईंना पानापेक्षा त्या रेघांचेच कौतुक वाटले. पेरणीची काकरी कशी सरळ मारली आहे, असे त्या दोनदा म्हणाल्या.

मग सागरने, वेबसाइट लोकांना कशी दिसेल हे दाखवायला, रेघा झाकल्या. कुसुमताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“आगं बया, पुसल्या का?”

मी त्यांना सांगितले, की रेघा पुसलेल्या नाहीत. त्या लोकांना कधीच दिसायच्या नसतात. त्या फक्त आपल्याला काम नेटके करण्यासाठी असतात. कुसुमताईंनी विचार केला.

“झाकल्या तरी हायत नव्हं?”

“आहेत.”

“मग चालतंय. ठिबकची नळी बी मल्चिंगच्या कागदाखाली झाकलेलीच आसती. पाणी कुठनं येतंय ते टोमॅटोला ठावं आसलं म्हंजे झालं.”

त्या दिवसापासून अध्यक्षा आमच्या बाजूला आहेत, असे आम्ही समजत होतो. आमचे चुकले नव्हते. फक्त अध्यक्षांच्या घरी आणखी एक माणूस आहे, हे आम्ही धरले नव्हते.

*

सभासदांचे फोटो आले. कोणी पदर घेऊन काढलेला, कोणी लग्नातला, कोणी पेरूच्या झाडाखाली मोबाइल हात लांब करून स्वतःच टिपलेला. सगळ्यांसाठी मी सारख्या मापाच्या चौकटी आखल्या होत्या. सागरने प्रत्येक फोटो डोक्यापासून मोजून चौकटीत बसवला आणि कुसुमताईंना मोबाइलवर पाठवला.

कुसुमताईंचा फोन आला. “बाई, माझ्या शेजारी आमची सोनाली हाय, सूनबाई. तिचं त्वांड माझ्या वर आन् माझं खाली. ह्ये कुणी ठरवलं?”

कोणीच ठरवले नव्हते. कुसुमताईंनी डोक्यावरून पदर घेतला होता, त्याखाली अंबाडा. सागरने तो सगळा उंचीत धरला, म्हणून चेहरा खाली गेला. सोनालीचे डोके उघडे. तिचा चेहरा वर. मी सागरला म्हटले, “माणूस पदरापासून मोजायचा नसतो, डोळ्यांपासून मोजायचा.” एक आडवी रेघ ओढली आणि सगळ्यांचे डोळे त्या रेघेवर आणले. पदर, अंबाडे, गजरे ज्याच्या त्याच्या जागी राहिले; नजर मात्र प्रत्येकीची सारख्या उंचीवर आली. सोनालीने नंतर मला कानात सांगितले, की घरात हे पहिल्यांदाच घडते आहे.

तोवर आणखी एक फोटो आला. तात्यांचा. तात्या म्हणजे कुसुमताईंचे यजमान. फोटोत केशरी फेटा, वर तुरा, पाठीमागे ट्रॅक्टर. बरोबर निरोप, की हा फोटो सर्वांत वर आणि सर्वांत मोठा घ्यावा.

मी तात्यांना फोन लावला आणि विचारले, की ते महिला उत्पादक गटाचे सभासद आहेत का?

“सभासद नसलो म्हणून काय झालं? गटाचा आधार हाय मी.”

मी म्हणाले, “आधार दिसत नसतो, तात्या. पायाचे दगड भिंतीवर टांगत नाहीत.”

तात्यांनी फोन ठेवला. त्याच संध्याकाळी त्यांनी केतनला बोलावून घेतल्याचे आमच्या कानावर आले. केतनच्या साच्यात सर्वांत वर एक भली मोठी चौकट असते. तिच्यात एकच माणूस बसतो. तात्यांना तो साचा पाहताक्षणी पसंत पडला. घरातच दोन मते झाली. अखेर कुसुमताईंनी निरोप पाठवला, की सगळ्या बायकांना बोलावते, दोन्ही पाने भिंतीवर दाखवा, बायका ठरवतील.

अश्विनीने त्या दिवशी कार्यालयाच्या मालकाला, जागा पुढच्या महिन्यापासून कदाचित सोडावी लागेल, असे सांगून ठेवले. मी ते ऐकले आणि तिला काही बोलले नाही. पट्टीची कळ कुठली, एवढे मात्र मी पुन्हा एकदा पाठ करून घेतले.

*

बैठक कोऱ्हाळ्याला गटाच्या पॅकिंग शेडमध्ये झाली. नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला. बायका उलट्या घातलेल्या क्रेटवर बसल्या. लासुर्ण्याच्या सहाजणी टेम्पोने आल्या होत्या. गटात सर्वांत नव्या त्याच. तात्या पुढच्या रांगेत, एकुलत्या एका खुर्चीवर, फेटा बांधून.

केतनने आधी त्याचे पान दाखवले. पान देखणे होते, हे मी मान्य करते. वर अख्खी रुंदी व्यापून तात्या, तुऱ्यासकट, ट्रॅक्टरसकट. खाली अध्यक्षा आणि पदाधिकारी, नाण्याएवढ्या गोलांत. त्याखाली एक बटण: ‘आणखी पाहा’.

लासुर्ण्याच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. त्यांतल्या एकीने विचारले, “आमी कुठं हाय?”

केतन म्हणाला, की बटणाच्या आत आहात. त्याने बटण दाबले. शेडमध्ये रेंज कमी. भिंतीवर एक चाक फिरू लागले आणि फिरतच राहिले.

“चाकात हाय आपुन,” ती शेजारणीला म्हणाली.

केतनने समजावले, की मोबाइलचा पडदा लहान असतो. सगळ्यांना वर घेता येत नाही. पानाला एक ठळक चेहरा लागतो. बाकी मापं कोण बघतंय? तात्यांनी मान हलवली. अश्विनी भिंतीला टेकून उभी होती. पुण्याची नोकरी तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती.

सागरने प्रोजेक्टर आमच्या संगणकाला जोडला. मी केतनच्या पानाचे चित्र आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले आणि कळ दाबली. भिंतीच्या वरच्या कडेला आणि डाव्या कडेला पट्टी उमटली.

केतन पुढे आला. “मॅडम, ती पट्टी बंद करा प्लीज. लोक उगाच गोंधळतात.”

“पट्टी बंद करायची नाही.”

हे मी मोठ्याने बोलले नाही. शाळेत मी कधीच मोठ्याने बोलत नसे.

कुसुमताई उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि तात्यांच्या चौकटीवर तळहात टेकवला. चित्रातला फेटा त्यांच्या मनगटावर पडला.

“बाई, ह्यांच्या एका चौकटीत किती बाया बसत्याल?”

“मोजते,” मी म्हणाले.

मी ते आधी मोजलेले नव्हते. मोजले असते, तर तसे सांगितले असते. आमच्या पानावरची एक चौकट उचलली, माप तेच ठेवले, आणि तात्यांच्या चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ नेली. ती आपोआप जाऊन चिकटली. लासुर्ण्याची पहिली बाई भिंतीवर आली. तिच्या शेजारी दुसरी, चिकटली. तिसरी, तिची उजवी कड तात्यांच्या चौकटीच्या उजव्या कडेला टेकली. मी डोळ्यांच्या रेघेवरून नजर फिरवली. तिघी समपातळीत होत्या. खालच्या ओळीत चौथी आली. पाचवी आली. ट्रॅक्टर गेला. सहावी नेताना सागर माझ्या मागे पुटपुटला, “बाई, न्हाय बसायची.” ती कोपऱ्यात जाऊन चिकटली. एक ठिपका उरला नाही, एक ठिपका बाहेर गेला नाही. चौकटीच्या चारही कडांवर निळ्या रेघा उजळल्या.

सहाजणी भिंतीवरून आपल्याचकडे पाहत होत्या. फेट्याचा तुरासुद्धा दिसत नव्हता.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. कुसुमताईंनी भिंतीवरचा हात काढला, तळव्याला लागलेला चुना पदराला पुसला आणि क्रेटवर परत येऊन बसल्या.

“बसल्या,” त्या म्हणाल्या. “आता उठवायच्या न्हाईत.”

मग रीतसर ठराव लिहिला. वेबसाइट अश्विनीच्या कार्यालयाने करावी; प्रत्येक सभासदाची चौकट सारख्या मापाची असावी; सगळ्यांचे डोळे एका रेघेत असावेत; मोठी चौकट कोणालाही नसावी; आणि काम चालू असताना पट्टी बंद करू नये. शेवटचे कलम कुसुमताईंनी आपणहून घातले. केतन प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता. त्याने सागरकडून कुलपाचे बटण कुठे असते, ते विचारून घेतले. अश्विनीने कार्यालयाच्या मालकाला फोन लावला आणि बाहेर जाऊन बोलून आली.

ठराव कुसुमताईंनी मांडला. अनुमोदन कोण देते, असे मी विचारले. लासुर्ण्याच्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. एवढ्यात पुढच्या रांगेतून हात वर आला. तात्यांचा.

तात्या गटाचे सभासद नाहीत. मी हरकत घेतली नाही.